तीन फुटांची चढण

ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात छोट्या ट्रॅक्टरला उसंत नसते. डाऊनी आणि भुरीच्या भीतीनं फवारणीवर फवारणी चालू असते. दोन ओळींच्या मधल्या नऊ-दहा फुटांत मोठा ट्रॅक्टर मोकळेपणानं वळत नाही, म्हणून पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांमध्ये घरोघरी आले. पण बाग काही एका तुकड्यात नसते. एक प्लॉट वस्तीला लागून, दुसरा वाटणीत आलेला सहा-सात किलोमीटरवर, तिसरा वाट्यानं केलेला. ट्रॅक्टर बिघडला तर गॅरेजला न्यायचा असतो, जुना विकला तर गिऱ्हाइकाच्या गावी पोहोचवायचा असतो. मग पिकअप बोलावली जाते. तळकोकणातही तेच चित्र आहे, फक्त हंगाम वेगळा. जून-जुलैत चिखलणीच्या दिवसांत पॉवर टिलर या वाडीतून त्या वाडीत छोट्या हत्तीवर बसून जातो. शिवाय २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून अवजारे बँका उभ्या राहिल्या आणि एकच यंत्र अनेक शेतांत भाड्यानं फिरू लागलं. यंत्रं वाढली, त्यांचा प्रवास वाढला, आणि त्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा टप्पा जेमतेम तीन फुटांचा आहे: जमिनीपासून पिकअपच्या हौद्यापर्यंतचा.

या तीन फुटांचा विचार कुणी करत नाही, हे माझं म्हणणं आहे. ट्रॅक्टर घेताना शेतकरी अश्वशक्ती, डिझेल, पीटीओ, टायर सगळं चार जणांना विचारून घेतो. पिकअप ठरवताना भाड्यावरून घासाघीस होते. पण यंत्र वर कशावरून चढणार, हा प्रश्न पिकअप दारात येऊन मागचा फाळका पडेपर्यंत कुणाच्या डोक्यात नसतो. मग शोधाशोध सुरू होते. कुणी बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या फळ्या आणतं, कुणी गोठ्यातला जुना लोखंडी चॅनल ओढत आणतं.

पिंपळगाव बसवंतकडच्या एका रस्त्यावर, गॅरेजसमोर, अशी एक चढण मी जवळून पाहिली. सहा फुटांच्या दोन फळ्या, हौद्याच्या कडेवर नुसत्या टेकवलेल्या. पुढची लहान चाकं सहज वर गेली. मागची मोठी चाकं फळीच्या तोंडाशी आली तेव्हा दोन्ही फळ्या मधोमध वाकल्या, इंजिनाचा आवाज खाली बसला आणि चालकानं ॲक्सिलरेटर ओढला. ट्रॅक्टरचं नाक वीतभर उचललं गेलं. ‘वजन द्या, वजन द्या’ असा एकच गलका झाला आणि दोन पोरं हौद्यात चढून ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरवर उभी राहिली. डाव्या फळीचं टोक हौद्याच्या कडेवरून इंचाइंचानं मागे सरकताना स्पष्ट दिसत होतं. ट्रॅक्टर चढला. चहा आला. त्याच फळ्या गॅरेजच्या भिंतीला उभ्या करून ठेवल्या गेल्या, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.

त्या मिनिटभरात जे जे घडलं, त्यातली एकही गोष्ट नशिबाची नव्हती. प्रत्येकीला कारण आहे आणि प्रत्येक कारण आधी ओळखता येतं.

सुरुवात उतारापासून करू. हौदा जमिनीपासून तीन फूट उंच आणि फळी सहा फूट लांब, म्हणजे चढ तीस अंशांचा झाला. कोणत्याही घाटात असा चढ नसतो. आठ फुटांची फळी घेतली तर तो बावीस अंशांवर येतो, बारा फुटांची घेतली तर साडेचौदा अंशांवर. आठशे किलोचा ट्रॅक्टर तीस अंशांवर चढवायचा तर उतार त्याला चारशे किलोच्या जोरानं खाली ओढत असतो. तेच बारा फुटांच्या रॅम्पवर ही ओढ दोनशे किलोंवर येते. रॅम्पची लांबी दुप्पट केली की यंत्रावरचा ताण निम्मा होतो. यासाठी कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही, लोखंड थोडं जास्त लागतं.

किती लांबी पुरे? याचं सगळ्यात नेमकं उत्तर जपानी शेतकऱ्यांकडे आहे. आपल्याकडच्या पॉवर टिलरचं मूळही तिकडचंच आहे. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीनं १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्यानं सुरुवात केली, केरळ सरकारची काम्को १९७३ ची, तिचा टिलर कुबोटाच्या घराण्यातला. जपानात लहान तुकड्यांची शेती, घरोघरी छोटा ट्रक आणि त्यातून ने-आण होणारा टिलर, म्हणजे आपल्या कोकणासारखीच परिस्थिती. तिथल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत एक नियम ठरलेला आहे: रॅम्पची लांबी हौद्याच्या उंचीच्या किमान चौपट हवी. तीन फूट उंचीला बारा फूट, अडीच फुटांना दहा. रॅम्पला वरच्या टोकाला आकडा हवा, पृष्ठभाग घसरता नको आणि यंत्राच्या वजनाला पुरून उरेल अशी ताकद हवी. चौपटीचा हा नियम इतका सोपा आहे की तो पाठ करायला एकदा ऐकणं पुरेसं आहे.

आता पिकअपवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांचा. बारा फुटांचा रॅम्प त्यात मावत नाही. लोखंडी चॅनल जोडून केलेली एकेक पट्टी चाळीस-पन्नास किलोंची होते, ती एकट्यानं उचलून लावायची म्हणजे कंबरेचं काम. दिवसभर भाजी, खत, सिमेंट वाहणाऱ्या गाडीत महिन्यातून एखाद्या ट्रॅक्टरसाठी एवढं ओझं कोण बाळगणार? अडचण खरी आहे. पण तिला तोडगे आहेत. मधोमध बिजागरी असलेला घडीचा रॅम्प गावातला फॅब्रिकेशनवाला करून देतो. बिजागरीखाली टेकूचा पाय मात्र हवा, नाहीतर घडीच वाकते. दुसरा तोडगा फुकटचा आहे. पिकअपची मागची चाकं खोलगट जागेत उतरवायची आणि रॅम्पचं खालचं टोक उंच जमिनीवर ठेवायचं. चाकं फूटभर खाली गेली की तीन फुटांची चढण दोन फुटांची होते आणि आठ फुटांचा रॅम्प चौपटीच्या नियमात बसतो. शेताचा बांध, रस्त्याकडेची चारी, नाल्याचा काठ, अशी जागा प्रत्येक शिवारात असते. जुने ट्रकवाले म्हैस चढवताना बांध बघूनच गाडी लावत. ट्रॅक्टरच्या वेळी ही अक्कल का विसरली जाते, कळत नाही. बहुधा इंजिन आहे, ते चढवीलच, या भरवशामुळे.

पण इंजिनच घात करतं. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

चाक स्वतःच्या ताकदीनं चढताना रॅम्पला मागे ढकलतं. यंत्र जितक्या जोरानं वर जातं, तितक्याच जोरानं रॅम्पला खाली, गाडीपासून दूर लोटतं. फळी नुसती टेकवलेली असेल तर तिचं वरचं टोक कडेवरून सरकत जातं आणि एका क्षणी निसटतं. हा क्षण नेमका तेव्हा येतो, जेव्हा मोठी चाकं रॅम्पवर असतात आणि चालक सर्वांत उंचावर असतो. उतरवताना ब्रेक दाबला तरी रॅम्पला धक्का त्याच दिशेनं बसतो. म्हणून रॅम्पचा आकडा हौद्याच्या कडेत अडकलेला असणं आणि शिवाय साखळीनं तो पिकअपच्या चासीला बांधलेला असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. यंत्राचं वजन मागच्या टोकावर आलं की पिकअपचे पाटे दबतात, हौदा खाली बसतो. यंत्र आत सरकलं की तो पुन्हा वर येतो. या खालीवर होण्यात नुसता आकडा उचकटू शकतो. साखळी त्याला जागेवर धरते. रॅम्प फाळक्यावर टेकवू नये, हेही यातच आलं. फाळका साखळ्यांवर लोंबकळणारा पत्रा आहे. वजन घ्यायला तो केलेलाच नाही. रॅम्प टेकायचा तो हौद्याच्या मजबूत कडेवर.

रॅम्प गाडीला बांधला की चढणारं यंत्र गाडीलाही मागे ओढतं. म्हणून ठोकळे पिकअपच्या चाकांच्या मागच्या बाजूला लावायचे. हँडब्रेक ओढलेला आणि गाडी गिअरमध्ये ठेवलेली हवी. पावसाळ्यात रॅम्पच्या खालच्या टोकामागे पहार ठोकली तर पाय सरकत नाही.

आता ट्रॅक्टर उलटण्याकडे येऊ. ट्रॅक्टरचं जास्त वजन मागच्या चाकांवर असतं आणि ताकदही तिथेच उतरते. चढावर मागची चाकं अडली आणि क्लच झटक्यात सुटला, तर चाकं फिरण्याऐवजी सगळा ट्रॅक्टरच मागच्या ॲक्सलभोवती फिरायला लागतो. नाक उचललं जातं ते यामुळे. शेती-सुरक्षेच्या प्रशिक्षणात जगभर एक हिशेब सांगितला जातो: नाक उचलायला लागल्यापासून पाऊण सेकंदात ट्रॅक्टर परतीची हद्द ओलांडतो आणि दीड सेकंदात पालथा पडलेला असतो. माणसाला काय घडतंय हे उमगून पाय क्लचवर जाईपर्यंत तो पाऊण सेकंद संपलेला असतो. कितीही अनुभवी चालक असो, या शर्यतीत त्याचा निभाव लागत नाही. बंपरवर उभी राहणारी पोरं उपकार करत नसतात, ती आणखी दोन जीव धोक्यात घालत असतात.

म्हणूनच बसून चालवायचा ट्रॅक्टर चढवायचा तो उलटा, रिव्हर्समध्ये, आणि उतरवायचा सरळ. जड बाजू वरच्या अंगाला राहिली की नाक उचलण्याचा प्रश्नच मिटतो. यात दुसराही फायदा आहे. ट्रॅक्टर उलटा आत गेला की त्याची जड बाजू केबिनकडे जाते आणि वजन पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या पुढे पडतं. सरळ चढवलेल्या ट्रॅक्टरचं वजन मागच्या टोकावर लटकतं, मग रस्त्यावर पिकअपचं स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक नीट पकडत नाहीत. उलटं चढवायला मान वळवून बघावं लागतं, सवय लागते, रॅम्पच्या पट्ट्या चाकांच्या अंतरात अचूक लावाव्या लागतात. मोकळ्या मैदानात चुन्याच्या दोन रेषा मारून आधी तालीम करता येते. रोटाव्हेटर काढून वेगळा चढवावा. फवारणीची टाकी रिकामी करावी, कारण सहाशे लिटरची टाकी म्हणजे सहाशे किलोंचं डुचमळणारं वजन.

छोट्या ट्रॅक्टरची आणखी एक गोष्ट द्राक्षवाल्यांना आवर्जून सांगायला हवी. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. ओळीच्या टोकाला झटकन वळता यावं म्हणून बागेत ती सुटी ठेवतात. तशीच सुटी पेडलं घेऊन रॅम्पवर गेलात आणि घाईत पाय एकावरच पडला, तर एक चाक थांबतं, दुसरं चालतं, आणि ट्रॅक्टर रॅम्पवरून आडवा खाली जातो. दोन्ही पेडलं जोडणारी कडी तिथेच लावलेली असते. ती अडकवायला एक सेकंद लागतो. रॅम्पवर चढण्याआधी ही कडी हातानं तपासावी, नुसती डोळ्यांनी नव्हे. गिअर सगळ्यात खालचा. मधे क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, दिशा बदलायची नाही. अपवाद एकच: वाकडं वाटलं तर थांबायचं, सरळ खाली यायचं आणि पुन्हा लावायचं. लोखंडी संरक्षक कमान असेल तर ती उभी करून पट्टा लावायचा. स्वीडननं नव्या ट्रॅक्टरना अशी कमान १९५९ मध्येच सक्तीची केली आणि पालथ्या ट्रॅक्टरखाली जाणारे जीव वाचू लागले. आपल्या द्राक्षबागांत मांडवाच्या तारांना अडते म्हणून कमान काढून ठेवतात किंवा मुडपतात. बागेपुरती ती अडचण समजू शकते. रॅम्पवर मांडव नसतो.

पॉवर टिलरचं शास्त्र वेगळं आहे आणि ते ठाऊक नसलेली माणसं कोकणात रोज टिलर चढवतात-उतरवतात. टिलरला स्टिअरिंगचं चाक नसतं. दोन्ही मुठींखाली एकेक क्लच असतो. सपाटीवर डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते आणि टिलर डावीकडे वळतो. पण उतारावर गणित फिरतं. तिथे चाकं इंजिनामुळे पळत नसतात, इंजिन त्यांना रोखून धरत असतं. डावा क्लच दाबला की डाव्या चाकावरचा रोख सुटतो, ते मोकळं होऊन जोरात फिरतं आणि टिलर उजवीकडे जातो. वर्षानुवर्षांच्या सवयीनं हात डावीकडे वळवायला जातात आणि चारशे किलोंच्या आसपासचं यंत्र उजव्या कडेवरून खाली पडतं. सपाट खाचरात आयुष्य घालवलेल्या हाताला हे ऐनवेळी सुचणं अशक्य आहे. म्हणून नियम एकच आहे: रॅम्पवर वळणाचा क्लच दाबायचाच नाही. टिलर रॅम्पच्या सरळ रेषेत आणून, सरळ असल्याची खात्री करून मगच चढवायचा. टिलर सरळ चढवतात आणि रिव्हर्समध्ये उतरवतात, म्हणजे ट्रॅक्टरच्या नेमकं उलट, कारण इथे माणूस यंत्रावर नसून मागे मुठी धरून चालत असतो.

चालत असतो, पण कशावरून? दोन चाकांखाली दोन पट्ट्या असतात आणि मधे पोकळी. चालवणाऱ्याचा पाय पोकळीत जातो, तोल जातो, मुठी सुटतात. मधली तिसरी फळी, माणसाच्या पायासाठी, ही टिलरच्या रॅम्पची गरज आहे. मी पाहिलेल्या बहुतेक रॅम्पांना ती नव्हती.

इतकं सगळं सांभाळण्यापेक्षा एक उपाय मला सर्वांत पटतो. यंत्राचं इंजिन बंद करा आणि ते विंचनं ओढून घ्या. केबिनमागच्या मजबूत आडव्या खांबाला हातानं फिरवायचा विंच बसवता येतो. बारा फुटांच्या रॅम्पवर आठशे किलोच्या ट्रॅक्टरला दोनशे किलोंपेक्षा थोडी जास्त ओढ लागते, तर एक टनाचा विंच भरपूर झाला. फायदा केवळ कष्टाचा नाही. चाकं स्वतःच्या ताकदीनं फिरत नसली की ती रॅम्पला मागे लोटत नाहीत, उलट यंत्राचं वजन रॅम्पला गाडीकडे दाबतं. रॅम्प निसटण्याचं मूळ कारणच नाहीसं होतं. नाक उचलण्याचा प्रश्न येत नाही आणि सीटवर माणूस लागत नाही. पडलं तर लोखंड पडेल. तारेच्या सरळ रेषेत मात्र कुणी उभं राहू नये. ताणलेली तार तुटली की ती कापत जाते. आणि चाकांमागे एक जण लांब दांड्याच्या ठोकळ्यानं, बाजूला उभा राहून, टप्प्याटप्प्यानं आधार सरकवत असावा.

विंच सुचवला की गावात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘कशाला, चार माणसं हात लावतील की.’ हात लावण्याची ही वृत्ती आपल्या गावांचं बळ आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण रॅम्पवर हात लावायला गेलेला माणूस कुठे उभा असतो, ते बघा. मागून ढकलणारा थेट यंत्राच्या वाटेत असतो. बाजूनं रेटणारा रॅम्प आणि चाक यांच्या कोपऱ्यात असतो. आठशे किलो मागे आले तर चार माणसांच्या आठ हातांनी ते थांबत नाहीत. मदत करायची तर लांबून करावी, आणि बोलणारा एकच असावा. ‘येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, उजवी मारा’ अशा पाच आवाजांत चालक कुणाचं ऐकणार? इंजिनाच्या आवाजात तर हाताच्या खुणाच खऱ्या. चालकाला दिसेल अशा जागी एक माणूस, बाकी सगळे रॅम्पच्या लांबीपेक्षा दूर. लहान मुलं तर अंगणाबाहेरच.

यंत्र वर गेलं की लोक निर्धास्त होतात. निम्मं काम तर तिथून पुढे असतं. युरोपातल्या माल बांधण्याच्या नियमांत हिशेब असा आहे की बांधणीनं मालाला पुढच्या दिशेनं त्याच्या वजनाच्या ऐंशी टक्के आणि दोन्ही बाजूंना व मागे निम्म्या जोराइतकं धरून ठेवलं पाहिजे. आठशे किलोच्या ट्रॅक्टरसाठी पुढे सहाशे चाळीस, बाजूला चारशे किलो. एका नायलॉनच्या दोरानं, तोही स्टिअरिंगला वेढा घालून मारलेल्या गाठीनं, हे होणार आहे का? चार कोपऱ्यांतून चार रॅचेट बेल्ट किंवा साखळ्या, ट्रॅक्टरच्या चासीला आणि ॲक्सलला, कधीही स्टिअरिंगच्या दांड्याला नव्हे. बेल्ट धारेवर घासत असेल तर खाली जुन्या टायरचा तुकडा. हँडब्रेक, खालचा गिअर, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. टिलरच्या टाकीचा कॉक बंद. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून बेल्ट पुन्हा ताणायचे, कारण खड्ड्यांतून टायर आणि पाटे बसतात आणि बांधणी सैल होते. आणि ट्रॅक्टरच्या सीटवर बसून कुणीही प्रवास करू नये. हे दृश्य नाशिक-पेठ रस्त्यापासून सावंतवाडीपर्यंत कुठेही दिसतं, आणि ते पाहताना दर वेळी पोटात गोळा येतो.

वजनाचंही बघा. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसनं, म्हणजे छोट्या हत्तीनं, ग्रामीण वाहतुकीचं रूप पालटलं. पण त्याची क्षमता साधारण पाऊण टनाची. टिलर त्यात आरामात जातो. छोटे ट्रॅक्टर मात्र साडेसहाशे किलोंपासून नऊशेपर्यंतचे असतात, म्हणजे बरेचसे त्याच्या कुवतीबाहेरचे. सव्वा-दीड टनाची पिकअप त्यासाठी योग्य. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार ठेवले आहेत. पण दंडापेक्षा घाटातला ब्रेक महत्त्वाचा.

अमेरिकेत पिकअप आणि चार जाड चाकांची एटीव्ही ही शेतकऱ्याची, शिकाऱ्याची नेहमीची जोडी आहे. तिथे कमानदार ॲल्युमिनियम रॅम्प सर्रास मिळतात. कमान यासाठी की रॅम्प जिथे संपतो त्या कंगोऱ्यावर यंत्राचं पोट घासू नये. एटीव्ही अंगानं आखूड आणि वजन तीनशे किलोंच्या आसपास, त्यामुळे ऐंशी किलोंचा स्वार जरा मागे झुकला तरी तोल बदलतो. अलिबाग-काशीदच्या किनाऱ्यांवर आणि रिसॉर्टमध्ये आता एटीव्ही आल्या आहेत, त्यांच्या मालकांनाही हेच लागू आहे: बांधलेला रॅम्प, शक्यतो विंच, आणि सीटवर कुणी नाही.

या सगळ्यावरचा कायमचा उपाय आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. कोकण रेल्वेनं २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. मालानं भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर स्वतः चढून बसतात आणि घाटरस्ता टाळून गोव्यात उतरतात. २०२५ च्या गणेशोत्सवात त्याच मार्गावर मोटारींसाठीही अशी गाडी सोडली गेली. हे इतक्या सहज का होतं? रुळांच्या टोकाला कायमचा, भक्कम, सौम्य उताराचा धक्का बांधलेला आहे म्हणून. ट्रक उतारावरून डब्याच्या पातळीला येतो आणि मग सपाटीवरून पुढे जातो. तिथे फळ्या शोधाव्या लागत नाहीत, हात लावायला माणसं लागत नाहीत, चालकाच्या धाडसाची परीक्षा होत नाही. चाकांना अडण घालून बांधलं की गाडी सुटते.

तसाच एक छोटा धक्का प्रत्येक गावात का नसावा? अडीच फूट उंच, दहा फूट रुंद, वर ट्रॅक्टर उभा राहील एवढी सपाट जागा आणि मागे पंधरा फुटांचा उतार. सहा फुटांना एक फूट चढ, म्हणजे चौपटीच्या नियमापेक्षाही सौम्य. दोन बाजूंना वीतभर उंच कठडा, पृष्ठभाग खरखरीत सिमेंटचा. समोर पिकअप उलटी लावायची, मधल्या फटीवर लोखंडी पत्रा टाकून बांधायचा, आणि ट्रॅक्टर सपाटीवरून आत न्यायचा. धक्का हौद्यापेक्षा थोडा बुटका ठेवला की वेगवेगळ्या गाड्यांना चालतो. दगड, मुरूम आणि सिमेंटचं हे काम गावचा गवंडी काही दिवसांत करतो. जनावरं चढवायला, खताच्या गोणी उतरवायला, द्राक्षाचे क्रेट भरायलाही तोच उपयोगी पडतो.

दिवाळीनंतर गावोगावी ग्रामसभा होतील. रस्ता, पाणी, दिवे यांच्या यादीत या धक्क्याची एक ओळ घाला. सोसायटीच्या आवारात, बाजार समितीच्या फाटकाशी, अवजारे बँकेच्या शेडसमोर, जिथे जागा असेल तिथे. अवजारे बँक चालवणाऱ्या गटांनी घडीचा बारा फुटी रॅम्प, विंच आणि चार बेल्ट यंत्राबरोबरच भाड्यानं द्यावेत. आणि तोवर, पुढच्या वेळी पिकअपवाल्याला फोन कराल तेव्हा भाडं विचारण्याआधी विचारा: दादा, रॅम्प किती फुटी आहे, आणि तो बांधायला साखळी आहे का?